दुसरी पिकदाणी

वाईन चाखणं हाच ज्याचा धंदा आहे, अशा माणसाचा लोकांना फार हेवा वाटतो. दातांच्या डॉक्टरांना वाटत नाही. रेस्टॉरंटात खिडकीशेजारच्या टेबलावर दर आठवड्याला बायकोबरोबर जेवायला येणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरांनी मामांच्या तोंडात एकदा आरसा घालून पाहिलं होतं, आणि त्यानंतर "मजा आहे बुवा तुमची" हे वाक्य त्यांनी कायमचं बंद केलं. आंबट वाईन वर्षानुवर्षं तोंडात घोळवून थुंकली की दात झिजतात, हिरड्या हुळहुळतात, साधं गार पाणी पितानाही माणूस एक डोळा मिटून घेतो. आणि एवढं करून पोटात जातं काय? न्हाव्याच्या वाट्याला जेवढे केस येतात, तेवढीच मामांच्या वाट्याला वाईन यायची.

मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा. वाढपी, भांडी घासणारी बाई, समोरचा पाववाला, गिऱ्हाइकं, सगळे त्यांना मामाच म्हणत. खरं नातं फक्त एकीशी होतं, गल्ल्यावर बसणाऱ्या भाचीशी. रेस्टॉरंट तिच्या आईचं, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीचं. तिला सगळे ताई म्हणत, आणि स्वयंपाकघर तिच्या हुकमात चाले. नवरा गेल्यावर ताईंना आधार म्हणून मामा 'चार दिवसांसाठी' आले, वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्यांनी बॅग ठेवली, आणि भाची शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून गल्ल्यावर आली तरी ती बॅग काही परत भरली गेली नाही. कोणी कोणाला आधार दिला याचा हिशेब दोघाही भावंडांनी मनातल्या मनात चोख ठेवला होता, आणि दोघांच्याही हिशेबात देणेकरी समोरचाच होता. अशी घरं चांगली टिकतात.

घर टिकवायला सरहद्दही लागते. ती पहिल्याच वर्षी आखली गेली. ताईंनी तळघरातली एक जपून ठेवलेली बाटली मटणात ओतली, आणि मामांनी ते मटण चाखून "वाईन वाया गेली" एवढंच म्हटलं. मटणाबद्दल एक अक्षर नाही. तेव्हापासून मामांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही आणि ताईंनी तळघराच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, असं ठरलं. ताई तशाही वाईनचा थेंब घेत नसत. मामांना अंडं उकडता येत नसे. त्यामुळे करार पाळायला कोणालाच जड गेलं नाही.

दुसरा नियम मात्र लिहिलेला नव्हता, बोललेलाही फारसा नव्हता. वाईनचे एक जाणकार पाहुणे एकदा जेवायला आले होते. त्यांनी ताईंच्या हातचा माशाचा घास चावला, वाईनचा घोट घेतला, मान डोलवली आणि दोन्ही वाडग्यात थुंकलं. जीभ पुढच्या बाटलीसाठी कोरी राहावी म्हणून. स्वयंपाकघराच्या दाराला एक गोल काच आहे. ताई त्या काचेतून बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी चूल विझवली ती दुसऱ्या दिवशीही पेटवली नाही. शेवटी मामा दाराशी उभे राहून म्हणाले, की या घरात वाईन थुंकली जाईल, तुझ्या हातचा घास कधी थुंकला जाणार नाही. चूल पेटली. आणि मामांनी शब्द पाळला, तो इतका, की नव्या कार्डाच्या दिवशी संध्याकाळी त्यांना सोड्याची बाटली घेऊन जिना चढावा लागे.

नवं कार्ड म्हणजे काय, तेही सांगायला हवं. ऋतू बदलला की ताई पदार्थ बदलत, आणि प्रत्येक पदार्थाशेजारी एका वाईनचं नाव छापलं जाई. ती जोडी लावायचं काम मामांचं. दुपारची गिऱ्हाइकं गेली आणि संध्याकाळची यायची असली की मामा कोपऱ्यातल्या टेबलावर बसत. समोर बाटल्या, उजवीकडे पितळेची पिकदाणी, डावीकडे ताईंनी आतून पाठवलेलं चवीचं ताट: नव्या पदार्थांपैकी प्रत्येकाचं थोडं थोडं, निळ्या काठाच्या, एका बाजूला टवका उडालेल्या जाड थाळीत. घास खायचा, घोट घोळवायचा, थुंकायचा. पुन्हा तोच घास, दुसरी बाटली. बघणाऱ्याला पाच मिनिटं गंमत वाटते. नंतर तो घड्याळाकडे बघायला लागतो.

मामांच्या जोड्या गावभर नावाजलेल्या होत्या. निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

नंतर बाटल्या परत यायला लागल्या. आधी एखादी, मग वरचेवर. बूच खराब नसे, वाईन नासलेली नसे. नुसती प्यायली तर बरी लागे. पण जेवणाबरोबर लोक एक घोट घेत आणि ग्लास बाजूला सरकवत. दातांचे डॉक्टर भिडस्त माणूस, त्यांनी मामांना खूण करून जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "वाईन वाईट नाही, मामा. पण जेवण आलं की ही गप्प बसते. नव्या सुनेसारखी." त्यांची बायको म्हणाली की तुम्हाला काय माहीत नव्या सुना गप्प बसतात की नाही, आणि विषय हसण्यावारी गेला. मामा हसले नाहीत. ते बाटली घेऊन तळघरात गेले आणि पायरीवर बसून राहिले.

त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली होती, एकदा नाही, अनेकदा. डोळे मिटून ग्लास उचलायचा आणि कुठली द्राक्षं, कुठलं साल, लाकडाच्या पिंपात मुरलेली की नाही, ते सांगायचं. सगळं बरोबर येई. म्हणजे नाक शाबूत होतं, जीभही वाईनपुरती शाबूत होती. पण ताट समोर आलं की सगळं सपक लागे. ताईंच्या हातचं जेवण, ज्यासाठी लोक पावसात दाराशी उभे राहत, ते मामांना ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायला लागलं होतं. त्यांनी ते ताईंना एकदा बोलून दाखवलं. ताईंनी विचारलं, स्वयंपाकात खोट आहे का? मामा घाईघाईने म्हणाले, छे छे, खोट माझ्या तोंडात आहे, वय झालं. ताई भांडं घासत होत्या. त्या घासत राहिल्या.

समोरच्या पाववाल्याशी मात्र मामांचं बिनसलं. पाव खारट होतो, तुझा हात सैल झालाय, असं त्यांनी भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. पाववाल्याच्या बापाच्या वेळेपासून मिठाचं माप एकच होतं. त्याने मामांकडे नुसतं पाहिलं, आणि त्या दिवसापासून मामांना गरम पाव मिळणं बंद झालं. कालचा मिळे.

आता खरी गोष्ट सांगायची, तर ती दोन वर्षांपूर्वीच्या एका तपासणीची आहे. मामांचे पाय सुजले म्हणून ताई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. हे डॉक्टर दातांचे नव्हेत, अंगाचे. त्यांनी हाताला पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि आधी मामांकडे, मग ताईंकडे पाहून सांगितलं की मीठ तोडा, अगदी निम्म्याच्याही खाली आणा, नाहीतर मूत्रपिंडं निकामी होतील. मामा जिन्यातच म्हणाले, की अळणी खाऊन शंभर वर्षं जगण्यापेक्षा चवीचं खाऊन उद्या गेलेलं बरं. माझा धंदा जिभेचा आहे, डॉक्टरला काय जातंय सांगायला. आणि विषय संपला.

मामांच्या बाजूने संपला. ताईंनी नवरा गमावला होता तोही असाच, विषय संपवणारा माणूस होता.  दुसऱ्या दिवसापासून मामांच्या ताटातलं मीठ त्यांनी एक कण कमी केलं. आठवड्याने आणखी एक. मामांची दोन्ही वेळची जेवणं त्यांच्याच चुलीवरची, बाहेर खायचा मामांना कंटाळा, त्यामुळे पकडलं जायची भीती नव्हती. लिंबू जास्त पिळायचं, लसूण थोडी वाढवायची, मिरी भरडून घालायची. हातात कला असली की फसवणुकीलाही चव येते. वर्षभरात मामांचं जेवण जवळजवळ अळणी झालं, आणि त्यांच्या पायांची सूजही उतरली. चालणं वाढलं म्हणून उतरली, असं मामा सगळ्यांना सांगत.

चवीचं ताटही त्यातच आलं. त्या दिवशी तर मामा सगळ्यात जास्त खात, सगळंच्या सगळं गिळत. मग त्याच दिवशी मीठ कसं घालायचं? म्हणून निळ्या काठाची थाळी वेगळ्या पातेल्यातून भरली जाई. बाटल्यांचा आणि या थाळीचा काही संबंध असेल, हे ताईंच्या मनातही आलं नाही. वाईन ही त्यांच्या लेखी तळघरातली भानगड होती. दादाची जीभ म्हातारी झाली, एवढंच त्यांना दिसत होतं, आणि म्हाताऱ्या जिभेपेक्षा जिवंत दादा त्यांना स्वस्त वाटला.

भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला परत आलेल्या बाटल्या दिसत होत्या आणि नव्या कार्डाची वेळ आली होती. वाईन पुरवणाऱ्या कंपनीचा एक माणूस तिच्याकडे येऊन जाऊन असे. आवाज मऊ, टाय मऊ, हात मिळवला तर तोही मऊ, म्हणून वाढप्यांनी त्याचं नाव रेशमी ठेवलं होतं. रेशमीचं म्हणणं असं, की जोड्या लावायचं काम माझ्यावर सोडा, कार्डं आम्हीच छापून देऊ. वाढप्यांना तो आवडत नसे, पण खरं सांगायचं तर माणूस त्याच्या कामात कच्चा नव्हता.

भाचीने मामांना वरच्या खोलीत जाऊन सांगितलं. आडून-आडून बोलायची तिला सवय नव्हती. या वेळी कोपऱ्यातल्या टेबलावर तिघं बसू, ती म्हणाली, तू, तो आणि मी. दोघंही आपापली जोडी लावा. मी दोन्ही चाखीन. त्याची बरोबर निघाली तर तळघराची किल्ली त्याच्या हाती जाईल.

मामा खाटेवर बसून मोजे काढत होते. एक मोजा हातात तसाच राहिला.

"माझी बरोबर निघाली तर?"

"तर तुझ्याकडेच राहील. पण मामा, मला खोटं नाही बोलता येणार हं."

"नकोच बोलू. बरं होईल," मामा म्हणाले. "मी दमलोय गं."

ती गेल्यावर त्यांनी उशीखालून किल्ली काढली आणि रुमालाने पुसली. लोखंडी किल्ली पुसून काही चकाकत नाही. ती गेली तर या घरात आपण नेमके कोण, असा प्रश्न होता. मामा हे नातं झालं. नात्याच्या माणसाला जेवायला मिळतं, पण संध्याकाळी कोणी त्याची वाट बघत नाही.

ठरलेल्या दुपारी तिघं बसले. मामांनी दाढी केली होती, साबण मात्र बिनवासाचा वापरला होता. ती त्यांची जुनी सवय. रेशमीने अत्तर लावलं नव्हतं, हे मामांनी पहिल्या श्वासातच टिपलं आणि मनातल्या मनात त्याच्या नावावर जमा केलं. वाढप्याने आतून ताटं आणली. भाची आणि रेशमीपुढे साध्या पांढऱ्या थाळ्या, मामांपुढे निळ्या काठाची. कोणाला त्यात काही नवल वाटलं नाही. ती थाळी मामांचीच.

पहिला मासा होता. लोण्यात परतलेला, वरून लिंबू आणि हिरवं काहीतरी बारीक चिरलेलं. मग भाजलेली कोंबडी, मग मंद आचेवर दुपारभर शिजलेलं मटण. मामा सावकाश घास घेत, डोळे मिटत, घोट घोळवत. पिकदाणीत थुंकायचीही एक शिस्त असते, सरळ धार, शिंतोडा नाही. रेशमीही तसाच थुंकत होता. दोघांमध्ये बोलणं नव्हतं, पण एखाद्या बाटलीवर दोघांच्याही भुवया एकाच वेळी वर जात तेव्हा ते एकमेकांकडे चोरून बघत. धंद्यातली माणसं अशीच बघतात.

माशाबरोबर धारदार, आंबट पांढरी वाईन मामांनी चाखली आणि लगेच बाजूला केली. "ओरबाडते," ते म्हणाले. त्यांनी गोलसर, मऊ, पिकल्या फळाच्या वासाची पांढरी निवडली. रेशमीने नेमकी ती ओरबाडणारी निवडली. कोंबडीच्या वेळी तेच, मटणाच्या वेळीही तेच. मामांनी तुरट लाल वाईन ढकलून देऊन बुळबुळीत लाल उचलली. रेशमीने मामांनी ढकललेली बाटली सरळ स्वतःपुढे ओढली.

भाचीने दोन्ही बाजूंचं चाखलं. माशाचा घास आणि रेशमीची वाईन. तिने मान खाली घातली, कारण ते फार चांगलं लागलं होतं. मग माशाचा घास आणि मामांची वाईन. परत आलेल्या सगळ्या बाटल्या तिला त्या एका घोटात आठवल्या. पाण्यात साखर विरघळवून कोणीतरी द्राक्षाचा फोटो दाखवावा, तसं. मटणाबरोबर तर मामांची लाल वाईन तोंडात कुठे गेली तेच कळेना.

तिने मामांच्या वाईनचा ग्लास बाजूला सरकवला. मामांना तेवढ्यानेच कळलं. त्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली टेबलावर ठेवली. अगदी हळू, जणू तिला लागेल.

"थांब," भाची म्हणाली. "मला सांग तरी, या वाईनमध्ये तुला काय सापडलं? मला का सापडत नाही?"

मामांना समजावायचाही कंटाळा आला होता. "माशाबरोबर घे, मग कळेल."

"माझा मासा संपला."

"मग माझा घे," असं म्हणून त्यांनी निळ्या काठाची थाळी तिच्यापुढे सरकवली.

तिने घास घेतला. चावला, थांबली. मामांच्या वाईनचा घोट घेतला, आणि तिचा चेहरा बदलला. जोडी जमली होती. अशी जमली होती, की मासा वाईनचा सख्खा वाटावा. तिने पुन्हा एक घास घेतला, या वेळी नुसता, वाईनशिवाय.

"मामा, हे अळणी आहे."

"मासा आहे तो. माशाला चव अशीच असते."

"नाही. माझ्या थाळीतला असा नव्हता."

रेशमीने काही न विचारता काटा पुढे केला आणि निळ्या थाळीतून मटणाचा तुकडा उचलला. त्याने आधी मामांची बुळबुळीत लाल घेतली, मग स्वतःची तुरट. दुसरी घेताना त्याचं तोंड आंबट चिंच चावल्यासारखं झालं. मग त्याने स्वतःच्या थाळीतला तुकडा मामांपुढे धरला.

"हा खा, मामा. आणि मग माझी घ्या."

मामांनी खाल्लं. आधी त्यांना ठसकाच लागला, एवढं मीठ. मग त्यांनी रेशमीची तुरट लाल वाईन तोंडात घेतली, आणि ती ओरबाडेना. तुरटपणा बसला, फळ वर आलं, मटण आणि वाईन एकमेकांना हात देऊन उभी राहिली. हे मामांना ओळखीचं होतं. ही त्यांचीच जुनी जोडी होती, दोन वर्षांपूर्वी हरवलेली.

"मीठ आंबटाला आणि तुरटाला दाबतं," रेशमी हलकेच म्हणाला. मामांना शिकवायला नव्हे, भाचीला कळावं म्हणून. "खारट घासापुढे मऊ वाईन ठेवली की तिचं पाणी होतं. अळणी घासापुढे तीच लागते. मामांनी एकही जोडी चुकवलेली नाही. त्यांच्या ताटाला हीच वाईन बरोबर आहे." मग त्याला राहवलं नाही. "पण गिऱ्हाईक त्यांच्या ताटात जेवत नाही ना."

तिघांनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. गोल काचेत ताईंचा चेहरा होता. तो दिसला आणि नाहीसा झाला.

मामा उठले. गुडघे धरून, टेबलाचा आधार घेत. उंबऱ्यापाशी जाऊन ते थांबले. अजूनही आत पाऊल टाकलं नाही. आत ताई नळ सोडून स्वच्छ पातेलं पुन्हा धूत होत्या.

मामांनी विचारलं, कधीपासून? डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, ताईंनी पाठमोऱ्याच सांगितलं. लपवलं नाही, रडल्या नाहीत. पातेलं पालथं घातलं आणि दुसरं घेतलं.

"आणि जीभ मेली म्हणत होतो, तेव्हा?"

ताईंचा हात थांबला.

"तेव्हा मला वाटलं, जीभ मेली तरी चालेल."

मामा चौकटीला टेकले. रागवायचं म्हटलं तरी अंगात बळ लागतं. ते कुठून आणायचं, हे त्यांना सुचेना. पाववाल्याला ते काय काय बोलले होते ते आठवलं. तळघराच्या पायरीवरच्या दुपारी आठवल्या. शेवटी ते म्हणाले, की निदान चवीच्या ताटाचं तरी सांगायचं होतंस. मी गिळलं नसतं. घास चावून टाकून दिला असता, वाईनसारखा. मिठाचा कणही पोटात गेला नसता.

"म्हणूनच नाही सांगितलं," ताई म्हणाल्या.

नळाचं पाणी चालू होतं. भाची दाराबाहेर उभी होती, तिने दोघांनाही हाक मारली नाही. पाठीमागे रेशमी आपल्या बाटल्यांना बुचं लावत होता, आवाज न करता. किल्ली टेबलावर होती, तिला त्याने हात लावला नव्हता.

कार्ड छापायला जायचं होतं, म्हणून सगळं पुन्हा दुसऱ्या दुपारी करावं लागलं. रेशमी आलाच नाही. त्याने निरोप पाठवला, की माशाची आणि मटणाची माझी जोडी मामांना पटली तर ठेवा, कोंबडीची मात्र त्यांनी पुन्हा बघावी, मला स्वतःला ती नीटशी पटलेली नाही. मामा म्हणाले, पोरगा बरा आहे. वाढपी म्हणाले, बाटल्या खपणारच आहेत ना त्याच्या, म्हणून बरा आहे. दोन्ही खरं होतं.

मामा कोपऱ्यात बसले. ताट आलं, या वेळी साध्या पांढऱ्या थाळीत, साध्या पातेल्यातलं, सगळ्यांच्या मापाने मीठ घातलेलं. आणि ताट घेऊन वाढपी आला नाही, ताई आल्या. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात सुपाचा मोठा वाडगा, रिकामा. थाळी त्यांनी डावीकडे ठेवली. वाडगा क्षणभर हातात धरून उभ्या राहिल्या, मग पितळी पिकदाणीच्या शेजारी ठेवला.

"ही घासाची," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. गोल काचेवर आतून त्यांनी एक फडकं अडकवलं. मग नळ सोडल्याचा आवाज आला, पूर्ण जोरात. काहीही ऐकू येणार नाही एवढ्या जोरात.

मामांनी घास घेतला. चावला, वाईन घेतली, घोळवली. मग वाडगा जवळ ओढला, आणि जे इतकी वर्षं केलं नव्हतं ते केलं. नीट जमलं नाही. वाईनची धार सरळ पडते, घास पडत नाही. तोंड पुसून ते काही वेळ हात मांडीवर ठेवून बसले. भाची गल्ल्यामागे काहीतरी शोधण्यात गुंतली होती. मग मामांनी दुसरी बाटली उघडली. कोंबडीला त्यांनी रेशमीचीही नाही आणि कालची स्वतःचीही नाही, तिसरीच वाईन लावली, जरा रागीट पांढरी. भाचीने चाखून पाहिली आणि किल्ली त्यांच्या बाजूला सरकवली.  मामांनी ती खिशात टाकताना फार काही केलं नाही. जुना रुमाल खिशात टाकावा तशी टाकली.

उठून ते समोर जाऊन आले. पाववाल्याला म्हणाले, तुझं माप बरोबर आहे. पाववाला म्हणाला, मला माहीत आहे. पाव कालचाच दिला.

परत आले तर टेबल साफ झालं होतं. पिकदाणी भांडी घासणाऱ्या बाईने नेली होती, वाडगा मात्र तिने नेला नव्हता. तो ताईंनी स्वतः उचलला, स्वतः रिकामा केला, स्वतः घासला. बाईने हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला. पुढेही, प्रत्येक नव्या कार्डाच्या दिवशी, तो वाडगा ताईच धूत. कोणी त्याबद्दल विचारलं नाही, आणि फडकं लावायचं त्यांनी कधी सोडलं नाही.

मग मामांचं जेवण आलं. निळ्या काठाची थाळी, टवका उडालेली बाजू नेहमीप्रमाणे त्यांच्यापासून लांब फिरवलेली. मासा होता, लिंबू भरपूर, मिरी भरडलेली, मीठ नाही. मामांनी वाढप्याला तळघरातून ती मऊ, गोलसर पांढरी आणायला सांगितली, जी कोणालाच नको होती आणि जिच्या पेट्या भिंतीला लावून पडल्या होत्या. वाईनबद्दल डॉक्टर काही म्हणाले नव्हते. मामांनी विचारलं नव्हतं.

त्यांनी अर्धा ग्लास भरला आणि घास घेतला. वाईन माशाला चांगली लागत होती. ती तशी लागणार, हे त्यांना आधीच माहीत होतं. त्यांनी ती थुंकली नाही.